पुखराजशेठच्या मोरीची जाळी

नाक दाबू नका, मित्रांनो. मी मोरीची जाळी आहे, जुनी, बिडाची, कडेनं गंज धरलेली. वास येतोय म्हणता? तो माझा नाही. तो वरून येणाऱ्या वस्तूंचा असतो. मी नुसती दारात पडून असते आणि येईल त्याला विचारते, तू कोण, कुठून आलास, आत कशाला निघालास?

म्हणजे स्वभावानं मी संशयी. आधीच सांगून टाकते. जाळी संशयी नसली तर तिला जाळी कोण म्हणेल? नुसतं भोक म्हणतील.

माझा जन्म धुळ्याचा. तिथल्या एका गल्लीत ओतकामाची छोटी भट्टी होती. मोडके रहाट, फुटकी वजनं, तुटलेल्या शेगड्या असलं सगळं भंगार त्या भट्टीत एकत्र वितळायचं. त्यातलं पळीभर लाल पाणी वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झाले. ओताऱ्यानं मला थंड केलं, घासलं, मग उन्हात धरून एक डोळा मिटून माझ्यातून सूर्याकडे बघितलं.

"तांदूळ जाई, भात नै जाई," तो म्हणाला.

माझं सगळं शिक्षण एवढंच. बारीक असेल त्याला सोडायचं, मोठं असेल त्याला धरायचं. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं.

धुळ्याहून मी एसटीच्या टपावर बसून जळगावला आले. पुखराजशेठांनी मला विकत घेतलं. त्यांचं कापडाचं दुकान होतं. राजस्थानातून पिढ्यांमागं आलेलं जैन घर. जुन्या जळगावात त्यांचं घर होतं. मधे उघडा चौक, एका अंगाला स्वयंपाकघर, मागच्या अंगाला भाड्यानं द्यायची एक खोली. आणि दोघांच्या मधे मोरी. शहाबादी फरशीची, हातभर उंच कट्ट्याची. तिच्या कोपऱ्यात मला बसवलं. माझ्या खाली खापराचा पाईप होता. तो चौकाच्या पोटातून, भिंतीखालून, बाहेर गल्लीतल्या गटारीत जायचा.

घरात तीन माणसं. पुखराजशेठ, त्यांची बायको सूरजबाई आणि शेठांची आई सुगनबाई. मोरीवर राज्य सुगनबाईंचं.

मित्रांनो, ह्या बाईनं मला जेवढं जपलं तेवढं कुणी देवाच्या भांड्यालाही जपत नसेल. रोज सकाळी चिमट्यानं मला उचलायची. आधी उलटीसुलटी करून बघायची, एखादी मुंगी, एखादा किडा अडकलाय का. असला तर त्याला काडीवर घेऊन भिंतीच्या कडेला सोडायची. मग मला कट्ट्यावर दोनदा आपटायची आणि पडलेला गाळ खापरात भरून कचऱ्यात टाकायची. एकदा फैजपूरकडच्या पाहुण्या बाई हात धुवायला आल्या. त्यांनी इकडंतिकडं हुंगून बघितलं आणि म्हणाल्या, "सुगनबाई, ही मोरी आहे का तुमचं स्वयंपाकघर?" त्या दिवशी मी बिडाची असूनही चकाकले असेन.

चांगली वर्षं गेली. मग बहात्तर साल आलं.

त्या उन्हाळ्यात मागच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलं. तोताराम आणि लताबाई. रावेरकडची शेतकरी माणसं. विहीर आटली म्हणून तोताराम भावाच्या हाती शेत सोपवून इथं सरकीच्या तेलाच्या मिलमधे कामाला लागला होता. खोली देताना सुगनबाईंनी चौकात उभं राहून सांगितलं, "अंडं, मटण ह्या घरात येणार नाही. कांदा-लसूण आम्ही खात नाही. तुम्ही खा, तुमच्या खोलीत खा. पण साल चौकात दिसता कामा नये."

"नही दिसणार, अक्का," लताबाई म्हणाली.

मी तेव्हाच तिच्या पायांकडे नीट बघून घेतलं. जड पडत होते. पोटुशी होती ती.

भांडी घासायला भिकुबाई यायची. धुळ्याकडची, बोलायला मोकळी. एक दिवस ती घासत होती आणि लताबाई कपडे पिळत होती. भिकुबाईनं विचारलं, पहिलंच का?

"दुसरं," लताबाई म्हणाली. "पहिल्या खेपेले बैलगाडीतच झालं. दवाखान्यात नेऊ राह्यले होते. अर्ध्या वाटेत. पोरगं रडलं बी नही." तिनं हातातला पिळा घट्ट आवळला. "मनून तं इथं आलो. दवाखाना चालत जायच्या वाटेवर हाये. आता हे होईस्तोर मी इथून हालणार नही."

"मंग आठेच ऱ्हाय माय," भिकुबाई म्हणाली. "कोठे जाऊ नको."

हे माझ्या समोर बोललं गेलं. मी ऐकलं. ते पाण्याबरोबर खाली गेलं नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणा ना. ढग यायचे, बघायचे, जायचे. नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढा. माणसं लोटीभर पाण्यात अंघोळ उरकायला लागली. पूर्वी माझ्यावरून बादल्या धडाधड वाहायच्या. आता थेंब थेंब.

आणि त्यातच चातुर्मास लागला. सुगनबाईंनी दरवर्षीसारखा नेम घेतला, चार महिने धोवण पाणीच प्यायचं.

धोवण म्हणजे काय, ते सांगते. हंड्यात पाणी घ्यायचं. त्यात चाळलेली राख टाकून ढवळायची. राखेनं पाण्यातले जीव राहत नाहीत, नवे होत नाहीत, म्हणून ते पाणी प्यायला निर्दोष, असं ह्या लोकांत मानतात. राख तळाला बसली की वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं. तेच दिवसभर प्यायचं. महाराजसाहेब, म्हणजे त्यांचे साधू-साध्वी, दारात आले तर त्यांनाही त्यातलंच वाढायचं. सुगनबाई पहाटे उठून गोवरीची राख पातळ लुगड्यातून चाळायच्या, अगदी पिठासारखी. हंड्याचा तळ मोरीत उपडा करायच्या. आणि वरून पाणी किती? चुळकाभर. पाणी सांडणं म्हणजे पाण्याचे जीव मारणं, आणि त्यात हा दुष्काळ.

श्रावण लागता लागता माझ्या तोंडावर पाणी थांबायला लागलं. आधी आरशासारखा पातळ थर. मग बोटभर. खालून गुडगुड असा आवाज यायचा, कुणी झोपेत बोलल्यासारखा.

मोरी तुंबली, मित्रांनो. आणि मोरी तुंबली की माणसं आधी मोरीत बघत नाहीत. एकमेकांकडे बघतात.

मीही बघत होते. खोटं कशाला बोलू? माझा तर सगळ्यांवर संशय. भिकुबाईच्या काथ्याचे धागे सुटतात. लताबाईचे केस गुडघ्यापर्यंत, विंचरताना गुंतवळ पडतं. तोतारामचे मिलचे कपडे तेलानं थबथबलेले. सूरजबाईची तुपाची कढई. एकेकाला मी हटकत होते. सुगनबाईंवर मात्र कुणाचाच संशय नव्हता.

आणि नवीन कोण आलं होतं घरात? लताबाई. ती यायच्या आधी मोरी कधी तुंबली नव्हती. हिशोब सरळ होता.

एका सकाळी सुगनबाईंनी चिमट्यानं मला उचललं आणि त्यांचा हात तसाच थांबला. माझ्या एका भोकात कांद्याचं साल होतं. लालसर, वाळकं, एकच.

"लताबाई, इकडं ये. हे काय आहे?"

"कांद्याचं साल हाये, अक्का."

"ते मला दिसतं. इथं कसं आलं?"

"पदराले चिकटून आलं असंल. सालं मी पदरात घेते अन् गल्लीतल्या शेळीले टाकते. मोरीत काह्याले टाकू?"

"एक वर दिसलं. आत किती गेली असतील?"

"ते मले काय माहीत, अक्का?"

"तेच तर," सुगनबाई म्हणाल्या.

मी ओरडून सांगितलं असतं. एकच साल होतं आणि ते मी धरलं होतं. धरलेलं आत कसं जाईल? पण बिडाला जीभ नसते. आणि त्या चिमट्यात मी एखाद्या साक्षीदारासारखी लटकत होते, मुकी.

दुपारी पुखराजशेठ मोरीत हात धुवायला आले. पाणी घोट्याशी.

"बाई," ते आईला बाई म्हणायचे, "सगळं त्यांच्यावर कसं ढकलायचं? मोरी तर आपणही वापरतो."

"आपण?" सुगनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "आपल्याकडे ताट धुवून पितात. जेवून झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं. अन्नाचा कण मागं राहत नाही, म्हणून त्यात जीव पडत नाहीत. तुझ्या आज्यापासून चालत आलंय. आपल्या घरातून मोरीत जाईलच काय? सांग ना."

पुखराजशेठ हात पुसत दुकानाकडे गेले. मलाही काही सांगता आलं नसतं. त्यांच्या ताटातलं एक शीतही मी कधी पकडलं नव्हतं.

आता त्या तुंबलेल्या पाण्यात बारीक अळ्या दिसायला लागल्या. सुगनबाई रोज सकाळी कट्ट्यावर उकिडव्या बसून त्यांच्याकडे बघत राहायच्या. साचलेल्या पाण्यात जीव जन्माला येणार आणि आपल्याच पायाखाली मरणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. खरंच होत नव्हतं, मित्रांनो. त्या नाटक करणाऱ्या बाई नव्हत्या.

सूरजबाई म्हणाल्या, "बाईजी, धुण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओतू का? माझ्या माहेरी शिरपूरला असंच करतात. तूप सुटतं, मोरी मोकळी होते."

"शिरपूरला जीव मरत नाहीत का?"

सूरजबाईंनी सोड्याचा डबा परत फळीवर ठेवला.

मग पुखराजशेठांनी बांबूची लांब कामटी आणली. मला काढून कट्ट्यावर ठेवलं आणि कामटी पाईपात घातली. ढकल, ओढ, ढकल. काळा चिकट गाळ आला, थोडे केस आले. पाणी गेलं. दोन दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. कामटी पाईपाच्या सुरुवातीलाच कशाला तरी अडून मुडपत होती. पुखराजशेठ म्हणाले, कांदा असा अडकत नाही. सुगनबाई म्हणाल्या, कांद्याला केस मिळाले, तेल मिळालं, तर काहीही अडकतं.

इकडं लताबाई कपडे घासताना पुटपुटायची, "तूप त्याह्यचं अन् नाव आमचं." आणि भिकुबाई? ती दोन्हीकडे बोलायची. सुगनबाईंना सांगायची, "ती नवी बाई उनी, तैन्हपशी मोरी तुंबनी, अक्का." लताबाईला सगळा दोष तुपावर ढकलून सांगायची, "बठ्ठं तूप ह्या लोकेस्नं शे." तिला वाईट म्हणू नका. तिसरं नाव तिचंच निघणार होतं, हे तिला माहीत होतं.

चौकात कुणी कुणाशी नीट बोलेना. लताबाई मोरीत आली की स्वयंपाकघराचं दार किलकिलं व्हायचं. सूरजबाई कढई घेऊन आल्या की मागच्या खोलीचा पडदा हलायचा. एवढ्या वर्षांत नजर ठेवायचं काम माझ्या एकटीचं होतं. आता सगळं घरच जाळी झालं होतं.

पर्युषण जवळ आलं. हे ह्या लोकांचे वर्षातले सगळ्यांत मोठे दिवस. शेवटच्या दिवशी संवत्सरी. त्याच्या थोडं आधी एका संध्याकाळी पुखराजशेठ मोरीपाशी आले. तोताराम पाय धूत होता. शेठ त्याच्याकडे न बघता बोलले.

"तोतारामभाऊ, संवत्सरी झाली की दुसरी खोली बघा."

तोतारामच्या हातातली लोटी तशीच राहिली. "शेठ, तिचे दिवस भरत आले. आता कुठी नेऊ तिले?"

"मला दिसतं ते. पण बाईचं मन उडालं. तुंबलेलं पाणी दारात ठेवून आमच्या घरात धर्म कसा करायचा?"

"आमीच तुंबवली कशावरून?"

"मग कुणी?"

तोतारामनं लोटी कट्ट्यावर ठेवली आणि खोलीकडे वळला.

तो गेला, मग लताबाई आली. कपडे नव्हते, भांडी नव्हती. नुसती कट्ट्यावर बसली. तोताराम परत आला.

"गावाले जाऊ," तो म्हणाला. "आई हाये. सुईण हाये."

"सुईण मांगच्या खेपेले बी होती."

"मंग काय करू? सांग तूच."

"खोदा," लताबाई म्हणाली. "फरशी काढा. आत जे हाये ते बाहीर येऊ द्या. आमचं निघालं तं त्याच दिशी निंघू."

"अन् निघालं तं?"

"नही निघणार. मी टाकलंच नही."

तिचा आवाज एवढा ठाम होता की मलाच शंका आली. मित्रांनो, फार ठाम बोलणाऱ्याचा मला संशय येतो. पण रात्रंदिवस दारात मीच होते. आणि मी एका सालापलीकडं काही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोताराम शेठांपुढं उभा राहिला. "आमची सालं निघाली तं आजच बिऱ्हाड उचलतो. नही निघाली तं बाळंतपण होईस्तोर आमाले हलवायचं नही. कबूल?"

पुखराजशेठांनी आईकडे बघितलं. सुगनबाई म्हणाल्या, "पर्युषणात जमीन खोदता येणार नाही. काय ते आजच. आणि जपून, खाली मुंग्यांची वारुळं असतात."

तोतारामनं मला काढून कट्ट्यावर उलटी ठेवली. तिथून मला सगळा चौक दिसत होता. सूरजबाई दारात. भिकुबाई राखेचे हात तसेच घेऊन उभी. लताबाई खोलीच्या उंबऱ्याला धरून. कुणी कुणाजवळ नाही, सगळे आपापल्या कोपऱ्यात.

पहार घालून तोतारामनं फरशी उचलली. हातानं माती बाजूला केली, कारण सुगनबाई डोक्यावरच उभ्या होत्या. पाईपाचा सांधा लागला. त्यानं तो हळूच मोकळा केला आणि आत हात घातला, खांद्यापर्यंत. त्याचं तोंड वाकडं झालं. मग त्यानं जोर लावला.

बाहेर आलं ते साल नव्हतं, केस नव्हते, काथ्या नव्हता. एक गोळा होता. पाईपाच्याच आकाराचा, गोल, लांबट, वजनदार. वरून काळा चिकट. मधे जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट. तोतारामनं तो फरशीवर ठेवला आणि पहारीनं हाणला. दोन तुकडे झाले. आतून राखाडी, थरावर थर.

पुखराजशेठ पुढं झाले. "हे तर सिमेंट आहे!"

सगळे दचकले. त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं, मिळालं तर.

"तोताराम, मिलमधे बांधकाम चाललंय ना? तिथून आणलंत का काही? खोलीत काही लिंपलं का?"

"शेठ, आता सिमेंटबी आमच्याच डोक्यावर?" तोताराम उठून उभा राहिला. "कांदा नही निघाला तं सिमेंट! उद्या मनाल हा दुष्काळबी तोतारामनंच आणला!"

सूरजबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू होतं का भीती, मला दिसलं नाही. तोपर्यंत शेठांनी एक तुकडा चुरला होता. बोटांना पीठ लागलं. त्यांची नजर भिकुबाईच्या हातांकडे गेली.

"राख आहे ही. भिकुबाई!"

"मी नै, शेठ!" भिकुबाईनं हात मागं लपवले. "देवशपथ, मी घासायनी राख घमेल्यामा धरस. बाहेर टाकस. इचारा अक्काले!"

"मग कुणाची? आम्ही तर ताटसुद्धा धुवून पितो!"

सुगनबाई पुढं आल्या. त्या खाली वाकल्या. वयाच्या मानानं पुष्कळ खाली. तुकडा उचलला, तळहातावर घेतला, अंगठ्यानं चोळला. पुन्हा चोळला. रोज पहाटे त्यांच्या बोटांत जे असायचं तेच आता त्यांच्या बोटांत होतं. माझ्या अंगावरून ते रोज गेलं होतं. पिठासारखं. तांदळापेक्षा कितीतरी बारीक.

मित्रांनो, चौकात कुणालाच काही कळलेलं नव्हतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर भिकुबाईचं काम गेलं असतं आणि गोष्ट मिटली असती. मला वाटलं, ह्या आता बोलणार नाहीत. मोठ्या घरच्या बाया चुकत नाहीत, चुका त्यांच्या आजूबाजूला होतात. मी एवढी वर्षं बघत आले होते.

"भिकूची नाही," सुगनबाई म्हणाल्या. "तिच्या राखेत कोळशाचे खडे असतात. हिच्यात एक कण नाही. ही चाळलेली आहे."

त्यांनी तो तुकडा खाली ठेवला.

"मी चाळलेली आहे."

"बाई," पुखराजशेठ हळू आवाजात म्हणाले, "पण ती तर धोवणाची. ती पुण्याची राख."

"पाईपाला काय कळतं पुण्य?" सुगनबाई खालीच बसल्या. "रोज तळ ओतला. वरून पाणी घातलं नाही. मी म्हटलं, पाणी वाचवते, जीव वाचवते." त्यांनी मोरीतल्या पाण्याकडे बघितलं. "त्या अळ्या माझ्याच."

पुढचं सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं, बोटांवर हिशोब मोजल्यासारखं. मागच्या वर्षापर्यंत राखेमागून अंघोळीचं पाणी धो धो जायचं, राख वाहून जायची. यंदा पाणीच नाही. राख पाईपात बसली, तुपाचा हात फिरला, वाळली, तिच्यावर उद्याची बसली.

लताबाई उंबऱ्यावरच होती. ती हसली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आमचं नही ना निघालं?" आणि आत गेली.

तोतारामनं पाईप धुवून सांधा बसवला, फरशी लावली, मला जागेवर ठेवलं. सुगनबाईंनी त्याला पाण्याची पूर्ण बादली दिली, आणि त्या उतरत्या पाण्याकडे बघत राहिल्या. माझ्या खालून ते पाणी एकदम गेलं, न थांबता. गुडगुड नाही, काही नाही.

तुम्हाला वाटेल, झालं. नाही झालं, मित्रांनो. पाईप एका दुपारीत मोकळा होतो. माणसं नाही होत.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी हे लोक एकमेकांची क्षमा मागतात. खमावणं म्हणतात त्याला. नातेवाईक, शेजारी, दुकानातले, सगळ्यांकडे जाऊन हात जोडायचे. सुगनबाईंचा आठ दिवसांचा उपवास झालेला, अंगात ताकद नाही. घरातल्या कुणाला पत्ता लागू न देता त्या आधी मोरीपाशी आल्या. लताबाई तोतारामचा सदरा घासत होती.

"लताबाई, खमावते," त्या हात जोडून म्हणाल्या. "मनानं, बोलण्यानं, वागण्यानं तुला दुखवलं. क्षमा कर."

लताबाई उठायला गेली, पोटामुळं उठता येईना. "अक्का, खोली तं नही ना खाली करायची?"

"नाही गं."

"मंग हात कायले जोडता? मले भेव वाटते."

सुगनबाईंचे हात तसेच राहिले. कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी लताबाईसमोरचा पिळा उचलला आणि वाळत घालायला नेला. दोरीपर्यंत जाताना दोनदा थांबल्या.

रात्री तोताराम पाय धुताना म्हणाला, "शेठ लोक हात जोडतात तवा जास्त सांभाळायचं." लताबाई म्हणाली, मलेबी तसंच वाटलं. मी काय बोलणार? मी तिच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

त्यानंतर हंड्याचा तळ मोरीत आला नाही. सुगनबाई तो फुटक्या घमेल्यात ओतायच्या, वर पत्र्यावर सुकवायच्या आणि सुकी राख कचऱ्यात द्यायच्या. सूरजबाई कढई आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसायला लागल्या आणि मगच मोरीत आणू लागल्या. लताबाईनं केस विंचरायची जागा खोलीच्या मागच्या दाराशी नेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण एकमेकींकडे बघणं काही लगेच थांबलं नाही. दार किलकिलं व्हायचं, पडदा हलायचा. फक्त आता दोघीही बघताना दिसल्या की मान वळवायच्या.

कार्तिकात एका पहाटे मागच्या खोलीत धावपळ झाली. तोताराम टांगा आणायला पळाला. तो येईपर्यंत सुगनबाई लताबाईचा हात धरून चौकात फेऱ्या घालत होत्या. टांगा दवाखान्याकडे गेला. दुपारी भिकुबाई बातमी घेऊन आली आणि मोरीतच उभी राहून ओरडली, "पोर झायी! मोठ्ठ्यानं रडनी!"

घरी आल्यावर त्या पोरीची अंघोळ माझ्याच शेजारी झाली. भिकुबाईनं पाय पसरून तिला पायांवर घेतलं. ऊन पाणी होतं. पण सवयीनं भिकुबाई लोटीतून बेतानंच धार धरत होती. नळ अजून एक दिवसाआडच होता.

स्वयंपाकघराच्या दारातून सुगनबाईंचा आवाज आला. "ओत गं भिकू, नीट ओत! पोरीच्या अंगावर साबण राहील. लागलं तर माझ्या हंड्यातलं घे."

भिकुबाईनं लताबाईकडे बघितलं. लताबाई दाराकडे बघत होती. ह्या खेपेला सुगनबाईंनी मान वळवली नाही आणि लताबाईनंही नाही.

"घे," लताबाई भिकुबाईला म्हणाली. "अक्का देऊ राह्यल्या तं घे."

ते पाणी माझ्या अंगावरून खाली गेलं. ऊन, साबणाचं, त्यात पोरीचा एक इवलासा केस. तो मी धरून ठेवला. बाकी सगळं जाऊ दिलं.

आता मी तिथं नाही. घरात नवीन फरशी आली, तिच्याबरोबर पितळी जाळी आली. ती चमकते. मला जिन्याखाली टाकलंय, कामटीच्या शेजारी. वर्षाकाठी पितळी जाळी तुंबली की कामटीला बाहेर काढतात. मला नाही.

रागावले नाही मी. पण तुम्हाला एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातली जाळी रोज उचला. तिच्यात काय आलं ते बघा, ते कचऱ्यात द्या, मोरीत पुन्हा ढकलू नका. तेलातुपाचं भांडं आधी पुसा, मग धुवा. राख, माती, चुना मोरीत ओतू नका, कितीही बारीक असला तरी. आणि पाण्याची कितीही टंचाई असली तरी आठवड्यातून एकदा एक बादली एका दमात सोडा, भले ती धुण्याची उरलेली असू दे.

एवढं करूनही तुंबलीच तर आधी जाळी बघा, मग पाईप बघा, मग आपला स्वतःचा हात बघा. त्यानंतर शेजारणीचं दार वाजवायचं असेल तर खुशाल वाजवा. पण वाजवताना आत कुणी पोटुशी बसलीय का, आणि तिनं गाठोडं बांधायला घेतलंय का, तेवढं आधी विचारा.